जिव्हाळी

भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायला कासारीण मावशी घरी आल्या. कराडच्या आमच्या घराची ओसरी त्या दुपारी बायकांनी भरून गेली होती. मे महिना, पंखा नुसती गरम हवा फिरवत होता, आतून तळणाचा वास येत होता आणि चटईवर मावशींनी सोडलेल्या गाठोड्यात दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या बांगड्या चमकत होत्या. नवरीपासून सुरुवात झाली. मग आत्या, मावश्या, शेजारणी, हट्ट करून मध्येच घुसलेल्या लहान मुली. वहिनी सगळ्यांत शेवटी बसली. लग्न तिच्या मुलीचं, पण ती कुठल्याही कार्यात शेवटीच बसते, पंगतीला आणि चुड्यालाही. मावशींनी तिचा हात हातात घेतला, बोटं एकत्र आवळली, अंगठा तळव्याकडे दाबला आणि थांबल्या. बांगडी पेरांवर तशीच अडकलेली. "वैनी, हात लई गार हाय तुमचा," त्या म्हणाल्या. बाहेर अंगाची लाही होत होती. मग त्यांनी आपल्या अंगठ्यानं वहिनीची नखं एकेक करून चाचपली. "आन् हे बगा. नखाची पार बशी झालीया. थेंब टाकला तर थांबंल." वहिनी ओशाळून म्हणाली, "भांडी घासून घासून झालंय हो." "भांडी मीबी घासती," मावशी म्हणाल्या. "माज्या थोरलीचं असंच झालतं. रगात तपासून घ्या." तेवढ्यात कुणीतरी चहाचा ट्रे आणला, कपांचा खणखणाट झाला आणि विषय तिथंच मोडला.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

गच्चीवर ओळीनं गाद्या घातल्या होत्या. शेजारी वहिनी झोपली होती, मेंदीच्या वासाचा तिचा हात माझ्या उशीजवळ आला होता. या हातानं माझ्या वेण्या घातल्या आहेत. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू याच हातानं वळले. पंचवीस वर्षांत या हाताचं सगळं मला पाठ झालं होतं: डाव्या मनगटावरचा तेलाचा डाग, उजव्या तर्जनीवर विळीनं उमटवलेली रेघ. नखं तेवढी मी कधी पाहिली नव्हती. म्हणजे डोळ्यांनी पाहिली असणारच. ठेवणीतल्या साड्या घडी करताना तिच्या नखांत रेशमाचा धागा अडकायचा आणि ती "हात् मेल्या" म्हणून तो हळूच सोडवायची, हे मी कितीदा ऐकलं होतं. नखं आडवी चिरतात म्हणून ती रात्री खोबरेल चोळायची, तेही माहीत होतं. आणि तांदूळ निवडताना ती चिमूट चिमूट कच्चे तांदूळ तोंडात टाकायची. घरात सगळे तिला चिडवायचे, तुझ्या लग्नात पाऊस पडला तो यामुळंच. कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, माती असं काहीबाही खावंसं वाटणं हीसुद्धा अंगातलं लोह आटल्याची खूण असते, हे मला पुढं महिनाभरानं कळायचं होतं. वर्षानुवर्षं आमच्या घरात त्या खुणेवर हसणं झालं.

नखांकडे मी आयुष्यात खरं लक्ष दिलं ते लहानपणी. शाळा सुटायच्या वेळी कृष्णेकडून बगळ्यांची रांग यायची आणि आम्ही पोरी रस्त्यात उभ्या राहून दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत ओरडायचो, "बगळ्या बगळ्या फूल दे!" रांग दिसेनाशी झाली की नखं तपासायची. कुणाच्या नखावर पांढरा ठिपका निघाला की ते बगळ्यानं टाकलेलं फूल. ज्या मुलीच्या नखांवर जास्त फुलं ती त्या दिवसापुरती राणी. मोठेपणी त्याच फुलांना लोक कॅल्शियमची कमतरता म्हणू लागले, आणि मीही माझ्या मुलाला त्या ठिपक्यांवरून दुधाचा जास्तीचा पेला प्यायला लावला. ते खरं नाही. बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी कधीतरी बसलेला एखादा किरकोळ मार तिथं पांढरा होऊन पुढं येतो. दार लागलेलं असतं, बाकावर बोट आपटलेलं असतं, आपण विसरलेलो असतो. त्या मानानं बगळ्याची गोष्ट मला आजही जास्त बरी वाटते. तिनं कुणाला उगीच घाबरवलं नाही.

आजोबांच्या बोटांची गोष्ट मात्र मला अजून सहज सांगता येत नाही. त्यांची बोटं टोकाशी फुगीर, गोल होती, ढोलाच्या टिपरीसारखी. नखं पोपटाच्या चोचीसारखी खाली वळलेली. त्यांच्या मांडीवर बसून त्या नखांच्या मुळाशी दाबायचा मला नाद होता. तिथं दाबलं की नख खालच्या गादीवर तरंगल्यासारखं हलायचं, आणि मी खुदकन हसले की तेही हसायचे आणि हसता हसता खोकायचे. त्यांना तरुणपणी टीबी होऊन गेला होता. फुप्फुसात त्याच्या खुणा राहून गेल्या होत्या. पहाटे पाचला त्यांचा खोकला सुरू व्हायचा, अंथरुणाशेजारी राख घातलेलं डबडं असायचं आणि ते डबडं रिकामं करणं हे आजीचं दिवसातलं पहिलं काम. खोकला सगळ्यांना ऐकू येत होता. बोटांबद्दल आमच्याकडे कौतुक होतं. "तबलजीची बोटं आहेत," असं आजी अभिमानानं सांगायची.

या बोटांना डॉक्टर क्लबिंग म्हणतात. छातीत पू साठलेल्या रोग्यांची नखं अशी वळतात, हे ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या काळात, म्हणजे सुमारे २,४०० वर्षांपूर्वी नोंदलं गेलं आहे. फुप्फुसांचे जुने आजार, फुप्फुसाचा कर्करोग, हृदयाचे काही दोष, यकृताचे आणि आतड्यांचे काही विकार, अशा बऱ्याच ठिकाणांहून ही खूण बोटांच्या टोकाला येऊन पोचते. नखाखालचा मऊ भाग फुगतो आणि नख जिथं कातडीतून बाहेर येतं तिथला खोलगट कोन भरून जातो. ते ओळखायची एक साधी रीत आहे, ती दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये लिहून ठेवली. त्यांना स्वतःला हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग झाला होता. आजारात आपली बोटं बदलताना आणि पुढं बरं वाटल्यावर पूर्ववत होताना त्यांनी स्वतःच पाहिली. दोन्ही हातांची सारखीच बोटं, नखाला नख लावून, पाठीला पाठ टेकवायची. निरोगी बोटांत मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची एक बारीक खिडकी उरते, तिच्यातून उजेड दिसतो. क्लबिंग असेल तर खिडकी बुजते. हे वाचलं त्या दिवशी मी खिडकीत उभी राहून माझी बोटं जुळवली. उजेड दिसला. मग कपाटातून आजोबांचा फोटो काढला, स्टुडिओत काढलेला, खुर्चीत बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. दहाही नखं कॅमेऱ्याकडे आहेत. इतकी स्पष्ट, की फोटोग्राफरनं मुद्दाम तीच टिपल्यासारखी वाटतात. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तेव्हा कुणी नखं पाहून काही केलं असतं तर ते किती जगले असते, हे मला सांगता येणार नाही. पण मी त्या नखांशी खेळत होते. एवढंच राहून राहून आठवतं.

माझ्या स्वतःच्या नखांवर एकदा तारीख उमटली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये घरात सगळ्यांनाच कोविड झाला. मी बारा दिवस तापात होते, बाबा दवाखान्यातून परत आले नाहीत. त्यांना शेवटचं पाहता आलं नाही, रडायलाही अंगात त्राण नव्हतं, आणि बरी झाल्यावर घरातल्या एवढ्या गोष्टी अंगावर आल्या की रडणं पुढं पुढं जात राहिलं. जूनमध्ये एक दिवस पीठ मळून हात धुताना अंगठ्याच्या नखावर काहीतरी बोटाला लागलं. बघते तर मुळाजवळ आडवी खोबण. दहाही नखांवर, एकाच रेषेत, शेतात नांगराचं एकच तास मारावं तशी. या खोबणींना फ्रेंच डॉक्टर बो यांचं नाव आहे, त्यांनी १८४६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. मोठा ताप, मोठं ऑपरेशन, कर्करोगाची औषधं, असं काही अंगावरून गेलं की नखाचं मूळ काही दिवस काम थांबवतं. मग पुन्हा सुरू करतं. मधला थांबलेला काळ खोबण होऊन कातडीखालून बाहेर येतो आणि महिन्याला साधारण ३ मिलिमीटर या चालीनं बोटाच्या टोकाकडे निघतो.

माझा एप्रिल असा जूनमध्ये वर आला.

तो पुढं सरकताना मी रोज पाहत होते. गणपतीत तो नखाच्या मध्यावर होता. दिवाळीच्या सुमारास टोकाला पोचला, तिथं नख ठिसूळ होऊन उसवू लागलं, आणि एका रविवारी नेलकटरनं मी तो कापला. अंगठ्याचा तेवढा तुकडा मला टाकवेना. आमच्याकडे नखं घरात पडू देत नाहीत, आई ती कागदात गुंडाळून बाहेर टाकायची, तसा मी तोही कागदात गुंडाळला, आणि तो कागद दोन दिवस देवघराच्या फळीवर ठेवला. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर टाकला आणि त्या रात्री बाबांसाठी पहिल्यांदा पोटभर रडले.

विल्यम बीन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या अंगठ्याच्या नखाची वाढ ३५ वर्षं मोजली होती. १९४१ मध्ये त्यांनी सुरुवात केली. ठरल्या दिवशी नखाच्या मुळाशी कानशीनं एक रेघ ओढायची आणि ती टोकाला पोचायला किती दिवस लागतात ते लिहून ठेवायचं. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचं नख रोज ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. मला या माणसाबद्दल फार माया वाटते. एवढ्याशा गोष्टीवर एवढी वर्षं कुणी डोळा ठेवला, याबद्दल. आणि हे वाचताना पुण्याचे श्रीधर चिल्लाळ आठवतात, ज्यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखं कापली नाहीत आणि २०१८ मध्ये ती कापली तेव्हा पाचांची मिळून लांबी ९ मीटरांहून जास्त भरली. त्या वेटोळ्यांत ६६ वर्षांतली त्यांची कुठली कुठली आजारपणं रेघा होऊन राहिली असतील, असं मनात येतं. आपण बाकीचे आपला इतिहास दर रविवारी कापून टाकतो. नखाच्या टोकाला जे दिसतं ते साधारण सहा महिन्यांपूर्वीचं असतं. आजचं, मुळाशी, कातडीखाली चाललेलं असतं.

लग्न थाटात झालं. फोटोंत वहिनीचे हात सुरेख दिसतात, टोकापर्यंत मेंदी, वर भाचीनं हौसेनं लावलेलं मरून नेलपॉलिश. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिला जवळजवळ ओढतच पुण्याला आणलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, हात पुढं घेतला आणि म्हणाल्या, "हे पॉलिश काढून या." समोरच्या दुकानातून मी रिमूव्हर आणला आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. कापसाचा एकेक बोळा लाल होत गेला. त्या तिखट, गोडसर वासात एकेक नख उघडं पडत होतं. मेंदीनं ती शेंदरी झाली होती, पण आता मला आकार दिसत होता. कडा वर उचललेल्या, मध्ये खळगा. अनामिकेच्या नखावर मी बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब थांबला. वहिनीनं हात किंचित हलवला तरी तो ओघळला नाही, तिथंच थरथरत राहिला, आणि त्यात दवाखान्याची ट्यूबलाइट दिसत होती. "मावशी म्हणाल्या तसंच की गं," वहिनी म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाचा हात पाहत असल्यासारखी.

हिमोग्लोबिन निघालं ६.८. लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळीत किती जातं?" वहिनी गप्प. मग माझ्याकडे पाहत, माझ्याच कानाशी बोलल्यासारखं तिनं सांगितलं की तीन वर्षं झाली, रात्री टॉवेल घेऊन झोपावं लागतं, पहाटे चारला उठून ती चादर धुऊन टाकते, म्हणजे कुणाला दिसायला नको. एकाच घरात, एकाच न्हाणीत, तीन वर्षं. गर्भाशयात गाठी होत्या. सलाईनमधून लोह दिलं, मग गोळ्या. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायच्या, हे मी तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून आले. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंचं एक वाक्य मात्र मी विसरत नाही. त्या म्हणाल्या, रक्त कमी आहे हा आजार नाही, हा प्रश्न आहे, ते कुठं जातंय ते शोधायला हवं. पाळी थांबलेल्या बाईत किंवा पुरुषात लोह असं आटलं तर पोटात, आतड्यात कुठं रक्त झिरपतंय का ते पाहावंच लागतं, नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही.

सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं होतं. आकडा मी पूर्वीही वाचला असणार. पण आता तो वाचला की मला ती ओसरी दिसते. त्या दुपारी तिथं सोळा बायका होत्या. हिशेबानं नऊ. नखाची बशी सगळ्यांची होत नाही, ती बरीच पुढची पायरी आहे, आणि बाकीच्यांची नखं नुसती फिकी असतील, किंवा मेंदीखाली, हळदीखाली, पॉलिशखाली अजून नेहमीसारखीच दिसत असतील. नखावरून सगळं कळतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. वय वाढलं की नखांवर उभ्या रेघा येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साबणापाण्यातही नखं चिरतात. तान्ह्या बाळांची नखं काही वेळा पळीसारखी असतात आणि आपोआप सरळ होतात. उलट एखाद्याच नखावर नव्यानं उमटलेली काळी उभी रेघ रुंद होत चालली असेल तर ती दाखवायला एक आठवडासुद्धा थांबू नये. नखं पाहून भविष्य सांगणाऱ्यासारखं आजार सांगत सुटणं मला आवडणार नाही. पण हात हातात घ्यावा लागतो. मावशींना ते दिसलं, कारण त्यांचं पोटच बायकांचे हात हातात घेण्यावर चालतं. मेंदीनं रंग झाकला होता, तरी त्यांच्या अंगठ्याला आकार कळला. आमच्या घरात वहिनीचा हात शेवटचा कुणी हातात घेतला होता, हे मला आठवेना. आपल्याकडे नखाखालच्या त्या हुळहुळ्या मांसाला जिव्हाळी म्हणतात. नख जास्त कापलं गेलं की जिव्हाळीला लागतं आणि डोळ्यांत पाणी येतं. शब्द जिव्हाळ्याच्या शेजारचाच आहे.

श्रावणात वहिनी बांगड्या भरायला मावशींकडे गेली होती. फोनवर मला सांगत होती. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. "काही नाही. हात घेतला, अंगठा फिरवला, मुळाशी दाबून पाहिलं. म्हणाल्या, 'हां, आता येतंय.' आणि दोन बांगड्या जास्त घातल्या. पैसे घेईनात."

दिवाळीत मी कराडला गेले. भाचीचा पहिला दिवाळसण, घरात जावई, करंज्यांचे डबे, उटण्याचा वास. पाडव्याच्या दुपारी सगळे लवंडले तेव्हा वहिनी आणि मी माजघरात उन्हाच्या पट्ट्यात बसलो. मी तिचा हात मांडीवर घेतला आणि नेलकटर काढलं. कातडीवरची मेंदी केव्हाच गेली होती, नखांवरची मात्र मेपासून नखांबरोबर चालत आली होती. बोटाबोटांवर तिची सीमा स्पष्ट होती. टोकाला शेंदरी रंगाची चिंचोळी पट्टी, अजून किंचित वर वळलेली, ठिसूळ. तिच्या मागं मुळापर्यंत नवं नख, मेंदी न लागलेलं, गुलाबी, सपाट. हात कोमट होता. मी करंगळीपासून सुरुवात केली. शेंदरी तुकडे पेपरवर पडत गेले. अंगठ्याशी आले तेव्हा तिनं हात मागं घेतला.

"तेवढं राहू दे," ती म्हणाली. "लग्नाची आहे गं ती मेंदी."

भाची आत झोपली होती. मी नेलकटर मिटवून ठेवलं आणि तिचा हात पुन्हा मांडीवर घेतला.